आमच्या मागे, पण आमच्या देखत

(विशेष मुलांच्या पालकांसाठी तयार केलेल्या हस्तपुस्तिकेची प्रस्तावना)

वाशिम जिल्ह्यातल्या ज्या घरात बौद्धिक दिव्यांग मूल आहे, त्या घरात एक प्रश्न कायमचा मुक्कामाला असतो. तो पाहुण्यांसमोर निघत नाही, मुलासमोर तर नाहीच. जेवणं आटोपली, मूल झोपलं, की नवरा-बायकोत हळूच निघतो : "आपल्या मागं याले कोण पाहीन?" उत्तरंही घरोघरी तीच असतात. देव पाहील. भाऊ पाहील. दोन पैसे याच्या नावानं टाकून ठेवू. या उत्तरांत माया आहे, आणि नुसत्या मायेच्या बळावर कित्येक मुलं पन्नाशी-साठीपर्यंत सुखानं जगली आहेत. पण आई-वडिलांच्या पश्चात बँकेत, तहसीलमध्ये, दवाखान्यात यांतलं एकही उत्तर चालत नाही. तिथं विचारतात : तुम्ही याचे कोण? आणि तसा कागद आहे का?

ही पुस्तिका त्या कागदांविषयी आहे. पालकत्वाचा दाखला, मृत्युपत्र, विश्वस्त निधी म्हणजे ट्रस्ट, नामनिर्देशन, कुटुंबनिवृत्तिवेतन, आणि आईनं स्वतःच्या हातानं लिहायची एक वही. वही शेवटी सांगितली असली तरी माझ्या लेखी तिचं मोल सगळ्यांत जास्त आहे, म्हणून तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

आधी एका अडखळणीबद्दल बोलायला हवं, कारण बहुतेक पालक तिथंच थांबतात. "सख्ख्या भावाकडून लिहून घ्यायचं? तो काय परका आहे?" कागद म्हणजे अविश्वास, अशी आपल्याकडची समजूत आहे. वकिलीच्या कामात मी उलटच पाहत आलो. ज्याला भावाचा हिस्सा गिळायचा असतो त्याचं कागदावाचून काही अडत नाही. उलट कागद नसला तर त्याची सोयच होते. अडतं ते भल्या माणसाचं. समजा, आई-वडील गेल्यावर थोरल्यानं धाकट्याला सांभाळलं. त्याच्या वाट्याच्या वावराचं सोयाबीन विकून त्याचीच औषधं आणली, त्याला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं, अंघोळ घातली. दहा वर्षांनी बहिणीची मुलं विचारतात, मामाच्या हिश्श्याच्या पैशाचं काय झालं? थोरल्याकडे सांगायला सगळं असतं, दाखवायला काही नसतं. धाकट्याच्या नावची मुदतठेव मोडायला गेला तर बँक म्हणते, खातेदार सज्ञान आहे, त्यालाच सही करू द्या. ज्यानं उभं आयुष्य दिलं तोच चोर ठरायची वेळ येते. नीट केलेला कागद मुलाला जपतो तसाच या भल्या भावालाही जपतो. ही एक गोष्ट पालकांच्या मनात उतरली तरी पुस्तिकेचं अर्धं काम झालं असं मी समजेन.

कायद्याचं गणित अठराव्या वाढदिवसाला बदलतं, आणि हे फार थोड्या घरांना ठाऊक असतं. मूल लहान असेपर्यंत आई-वडील त्याचे नैसर्गिक पालक असतात. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ सालचा, तर पालक आणि पाल्य कायदा त्याहूनही जुना, १८९० चा. पण दोन्हींचा अंमल मूल अज्ञान असेपर्यंतच. अठरा पूर्ण झाली की कायदा त्या मुलाला सज्ञान धरतो. त्याला बोलता येतं का, पैसे मोजता येतात का, हे तो विचारत नाही. त्या दिवसापासून आई ही आई असते, पण कायदेशीर पालक नसते. वडिलांनी मृत्युपत्रात "माझ्यामागे याचे पालक त्याचे काका" असं लिहून ठेवलं असेल, तर त्या नेमणुकीचं बळही अठराव्या वर्षी संपतं.

आपल्याकडे हे सगळ्यांत आधी सातबारावर दिसतं. वडील वारले, वारसांची नोंद झाली, फेरफार पडला, आणि लहान मुलाच्या नावापुढे तलाठ्यानं "अ.पा.क. आई" असा शेरा लिहिला. अज्ञान पालनकर्ता आई. त्या वेळी मूल नऊ वर्षांचं होतं. आज ते छत्तीस वर्षांचं आहे, केस पिकू लागलेत, आणि शेरा तसाच आहे. आईला वाटतं, सातबारावर आपलं नाव लागलंय म्हणजे आपण पालक आहोतच. मग एखाद्या जूनमध्ये थोरला पीककर्जाला जातो. बँक सगळ्या सहखातेदारांची संमती मागते. धाकट्याची सही चालत नाही, आईची त्याच्या वतीनं चालत नाही, पेरणी तोंडावर आलेली. मग कुणीतरी सुचवतो, धाकट्याच्या अंगठ्यानं हक्कसोडपत्र करून टाका, कटकट मिटेल. कटकट मिटत नाही, सुरू होते. व्यवहार समजून घेण्याची कुवत ज्याला नाही त्याचा करार १८७२ चा करार कायदा मानत नाही. आज घेतलेला तो अंगठा वीस वर्षांनी एखादा नातलग कोर्टात उभा करू शकतो, आणि तोवर मुलाच्या हातून त्याचं वावर गेलेलं असतं.

यावर वाट आहे, आणि ती वाटते तितकी लांब नाही. संसदेनं १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास कायदा केला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात म्हणजे सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी हा कायदा आहे. त्यानुसार जिल्ह्यात एक स्थानिक स्तर समिती असते : जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. सज्ञान दिव्यांग व्यक्तीसाठी पालक नेमण्याचा अधिकार या समितीला आहे. आई-वडील किंवा नातेवाईक अर्ज करतात, कोणाला नेमावं हे तेच सुचवतात. समितीनं तीन महिन्यांतून एकदा तरी बसलं पाहिजे असं कायदाच सांगतो. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. रिसोड किंवा मानोऱ्याच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी अकोल्याची एसटी धरावी लागण्याचे दिवस त्याबरोबर सरले. पालकत्वाचा हा दाखला आता वाशिमच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळवायचा आहे. आणि मिळवावाच. आपल्या जिल्ह्याला आकांक्षित जिल्हा म्हणून २०१८ मध्ये देशाच्या यादीत घेतलं गेलं, तेव्हापासून आकड्यांच्या बैठका पुष्कळ होतात. पालकत्वाचे किती अर्ज आले आणि किती निकाली निघाले हा आकडाही त्या बैठकांत विचारला जावा, असं मला मनापासून वाटतं. पालक अर्जच करत नसतील तर समिती बसायची कशासाठी? आणि समिती बसत नसेल तर पालक अर्ज करतील कशाला? ही कोंडी पालकांनीच फोडायची आहे, एकेकट्यानं नव्हे तर गावागावांतून मिळून अर्ज देऊन.

हा दाखला म्हणजे मालकी नव्हे. नेमलेल्या पालकानं सहा महिन्यांच्या आत मुलाच्या मालमत्तेची, येण्याची-देण्याची यादी समितीला द्यायची असते, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. पालक हेळसांड करतो, मारतो, पैसे खातो असं दिसलं तर आई-वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था समितीकडे तक्रार करू शकतात आणि त्याला दूर करता येतं. मुलीच्या बाबतीत नियम अधिक कडक आहे : एकट्या पुरुषाला तिचा पालक नेमत नाहीत, नेमलंच तर पत्नीसह, आणि पत्नीचा अधिकार वरचढ. मुलींच्या आयांनी हा नियम नीट ध्यानात ठेवावा. काकाचं नाव सुचवताना काकूशी आधी बोलावं लागतं, आणि काकूशी बोलल्यावरच खरं चित्र कळतं.

बँकांबाबत एक सांगून ठेवतो. स्थानिक स्तर समितीचा दाखला खात्याच्या व्यवहारासाठी ग्राह्य धरावा, असं रिझर्व्ह बँकेनं २००७ मध्येच बँकांना कळवलं आहे. शाखेत "कोर्टाचाच आदेश आणा" असं उत्तर मिळालं तर वाद घालू नका. लेखी उत्तर मागा. जमिनीची गोष्ट मात्र वेगळी आहे. मुलाच्या नावची जमीन विकायची वेळ आली तर न्यायालयाची परवानगी घेऊनच पुढे जावं, हा माझा सल्ला आहे. खरेदीदार, बँक, दुय्यम निबंधक, सगळेच तो आदेश मागतात, आणि मागावाच.

वर सांगितलेल्या चार प्रकारांत मनोविकार येत नाहीत. स्किझोफ्रेनिया असलेल्या तरुणाची आई समितीकडे गेली तर तिला परत यावं लागतं. तिच्यासाठी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत आणि जिल्हा न्यायालयाला किंवा नेमलेल्या प्राधिकाऱ्याला मर्यादित पालक नेमता येतो.

इथे थोडं थांबतो, कारण 'मर्यादित' या अटीत साऱ्या विषयाचा कस आहे. पूर्वीचा विचार असा होता, की मूल एकदा अक्षम ठरलं की त्याचे सगळे निर्णय दुसऱ्यानं घ्यायचे, जन्मभर. २००६ साली संयुक्त राष्ट्रांनी दिव्यांगांच्या हक्कांचा करार केला, पुढच्याच वर्षी भारतानं तो मान्य केला, आणि विचाराची दिशा बदलली. जर्मनीनं तर १९९२ मध्येच माणसाला सरसकट अक्षम ठरवण्याची जुनी पद्धत मोडीत काढली होती. आपला २०१६ चा कायदा म्हणतो : ठरावीक कामासाठी, ठरावीक काळापुरता, त्या व्यक्तीशी बोलून, तिच्या इच्छेला धरून. हे शहरी चोचले आहेत असं कुणाला वाटेल. मला वाटत नाही. डाऊन सिंड्रोम असलेली एक तिशीतली मुलगी मला ठाऊक आहे. तिला मुदतठेव कळत नाही. पण दहा, वीस, पन्नासच्या नोटा रंगावरून ओळखते, किराणा बरोबर आणते, कोणती काकू रागावते आणि कोणती जवळ घेते हे तिला पक्कं ठाऊक आहे. "कोणाजवळ राहशील?" असं तिला घरात कधी कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं तेव्हा तिनं ज्या मावशीचं नाव घेतलं, तिचं नाव आई-वडिलांच्या यादीत नव्हतं. पालक नेमताना समितीनंही आधी हेच पाहायचं असतं : पालकाची गरज आहे का, आणि असली तर नेमकी कशासाठी.

आता वावराकडे येऊ. मुंबई-पुण्याच्या पुस्तकांत मालमत्तेच्या नियोजनाचा विषय निघाला की फ्लॅट, शेअर, म्युच्युअल फंड येतात. आपल्याकडे बहुतेकांची मिळकत म्हणजे चार-सहा एकर कोरडवाहू, गावठाणातलं घर, आणि असलाच तर वाशिम-कारंज्यात घेतलेला प्लॉट. त्यामुळे इथली नियोजनाची भाषा सातबाराचीच असणार.

दिव्यांग मुलाला वारसा नाही, हा समज आजही गावात ऐकू येतो. त्याचं मूळ जुन्या धर्मशास्त्रात आहे. तिथं आंधळ्या, मुक्या, जन्मतः मतिमंद वारसाला वाटा नव्हता, फक्त पोटगी होती. १९२८ च्या कायद्यानं ती बंदी बरीचशी उठवली, पण जन्मापासून बुद्धीचा आजार असलेल्याला तेव्हाही वगळलंच. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २८ व्या कलमानं १९५६ मध्ये हा कलंक पुसला : आजार, व्यंग वा दोष या कारणानं कोणालाही वारशातून वगळता येत नाही. हा कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लीम कुटुंबांत व्यक्तिगत कायदा चालतो. मृत्युपत्रानं एक तृतीयांशापलीकडे देता येत नाही, वारसालाच द्यायचं तर इतर वारसांची संमती लागते, म्हणून तिथं हयातीतल्या हिब्याचा म्हणजे बक्षिसाचा विचार आधी करावा लागतो. पालकत्वाचा राष्ट्रीय न्यास कायदा मात्र सगळ्या धर्मांना एकच.

तरीही पुष्कळ आई-वडील स्वखुशीनं मुलाला वगळतात. "त्याले काय करायचं वावर? भावाच्या नावावर करून देतो, भाऊ त्याले सांभाळीन." हेतू चांगला, परिणाम घातक. एकदा सगळं भावाच्या नावे झालं की मुलाचं पोट भावाच्या मर्जीवर. भाऊ चांगला निघाला तरी तो कर्जबाजारी होऊ शकतो, आणि या पट्ट्यात हे कुणाला समजावून सांगायला नको. कर्जाची वसुली निघाली की धाकट्याच्या तोंडचा घासही त्यात जातो, कारण कागदावर तो घास त्याचा नव्हताच. भाऊ आधी गेला तर वावर वहिनी-पुतण्यांकडे, आणि त्यांनी तुम्हाला काहीच कबूल केलेलं नव्हतं.

त्यासाठी मृत्युपत्र. दोन साक्षीदारांसमोर सही, साध्या कागदावर, मुद्रांकाविना चालतं. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे नोंदवून ठेवावं. वाद कमी होतात. वारसदाराला साक्षीदार करू नये. वाशिमसारख्या ठिकाणी प्रोबेटची, म्हणजे न्यायालयाकडून मृत्युपत्र प्रमाणित करून घेण्याची, सक्ती नाही. मृत्युपत्रात मुलाचा हिस्सा स्पष्ट लिहावा, तो कोण सांभाळेल हे लिहावं, आणि सांभाळणारा आधी गेला तर त्याच्या जागी कोण, हेही. या शेवटच्या ओळीअभावी चांगली मृत्युपत्रं फुकट जातात. आणखी एक कटू गोष्ट लिहिणं भाग आहे : मुलाच्या मृत्यूनंतर त्याचा हिस्सा ज्याला मिळणार, त्याच्या एकट्याच्याच हाती मुलाची देखभाल आणि पैसा दोन्ही देऊ नयेत. माणूस वाईट असतो म्हणून नव्हे. त्याच्यावर उद्या कुणी बोट दाखवू नये म्हणून.

यातूनच ट्रस्टचा विचार पुढे येतो. देखभाल एकाकडे, पैसा दुसऱ्याकडे, आणि दोघांवर नजर तिसऱ्याची. तिफणीचा एक दाता मोडला तरी पेरणी होते, पण तितकं तास मोकळं जातं, इथंही तसंच. खासगी ट्रस्टचा कायदा १८८२ चा आहे. मंदिर-शाळांच्या सार्वजनिक न्यासांशी किंवा धर्मादाय आयुक्तांशी त्याचा संबंध नाही. वडील संस्थापक, मूल लाभार्थी, दोन-तीन विश्वस्त. स्थावर मालमत्ता ट्रस्टमध्ये द्यायची तर नोंदणीकृत दस्त हवा, नाहीतर मृत्युपत्रातूनच ट्रस्ट निर्माण करावा. दुसरी वाट आपल्याकडच्या घरांना अधिक सोयीची, कारण हयातीत काही हातचं जात नाही. शिवाय फक्त आपल्यावर अवलंबून असलेल्या नातेवाइकासाठी मृत्युपत्रातून केलेला तो एकमेव ट्रस्ट असेल तर आयकराच्या चढ्या दरातूनही सुटका होते. शेतजमिनीत एक पेच आहे. विदर्भाला लागू असलेल्या १९५८ च्या कुळकायद्यानं बिगरशेतकऱ्याच्या नावे शेतजमीन जाण्यावर बंधन घातलं आहे. म्हणून नोकरदार मित्राला विश्वस्त करून वावर ट्रस्टमध्ये टाकण्याआधी जाणत्या वकिलाकडून दस्त तपासून घ्यावा. माझं मत विचाराल तर वावर मुलाच्या हिश्श्यात सातबारावर राहू द्यावं, पालकाचा दाखला घ्यावा, आणि ट्रस्टमध्ये रोख, ठेवी, विम्याची रक्कम ठेवावी.

विम्याचा एक उपाय गावोगावी सांगायला हवा. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा १८७४ सालचा. त्या कायद्याखाली विवाहित पुरुषानं पत्नी-मुलांच्या नावे आयुर्विमा घेतला, तर ती पॉलिसी आपोआप त्यांच्यासाठीचा ट्रस्ट ठरते आणि सावकार-बँकेच्या हाती सहसा लागत नाही. फक्त पॉलिसी घेतानाच तसा फॉर्म भरावा लागतो. नंतर जमत नाही. कर्ज असलेल्या शेतकरी बापाला यापेक्षा स्वस्त ट्रस्ट मला तरी माहीत नाही.

इंटरनेटवर अमेरिकी धर्तीचे 'स्पेशल नीड्स ट्रस्ट'चे नमुने मिळतात. ते उतरवून घेऊ नयेत. तिथल्या ट्रस्टचा मुख्य हेतू असा, की मुलाच्या नावे पैसा दिसून त्याची सरकारी मदत बंद पडू नये. आपल्याकडे तहसीलमधून मिळणारं संजय गांधी निराधार अनुदान हवंच, पण त्यावर माणूस जगत नाही. आपली अडचण निराळी आहे : न मरणारा विश्वस्त कुठून आणायचा? सिंगापूरनं २००८ मध्ये सरकारच्या पाठबळावर स्पेशल नीड्स ट्रस्ट कंपनी काढली. पालक तिथं रक्कम ठेवतात, मुलाच्या गरजा लिहून देतात, आणि त्यांच्यामागे ती कंपनी ठरल्याप्रमाणे पैसे देत राहते. आपल्या राष्ट्रीय न्यासाकडून किंवा राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाकडून अशी सोय झाली, तर मालेगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यालाही ती परवडेल. ती मागणी पालकांनी लावून धरावी. तोवर वयानं लहान असलेले दोन विश्वस्त निवडावेत. काकाऐवजी चुलतभाऊ, मावशीऐवजी तिची मुलगी.

नोकरदारांसाठी थोडक्यात. राज्य सरकारी कर्मचारी, शिक्षक यांच्या कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आई-वडिलांच्या पश्चात हयातभर कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकतं. भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेतही तशी तरतूद आहे. अपत्याचं नाव आणि वैद्यकीय प्रमाणपत्र आपल्या हयातीत दप्तरी लागलं पाहिजे. मागाहून ते मिळवणं फार जिकिरीचं जातं. नामनिर्देशनाबद्दलचा गैरसमजही काढून टाकावा. ठेवीचा नॉमिनी सहसा पैसे स्वीकारणारा असतो, मालक नव्हे. शेअरच्या बाबतीत हेच तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात पक्कं केलं. म्हणून "भावाला नॉमिनी केलंय, झालं" हे नियोजन नव्हे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमाकवच आहे, आधी तपासणीची अट नाही. ते मात्र आजच काढा.

आणि ज्याला भाऊ नाही, चुलतभाऊ नाही? त्यानं राहायचं कुठे? या प्रश्नाला आपल्याच विभागात एका माणसानं आयुष्य वाहून उत्तर दिलं आहे. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी रस्त्यावर, स्थानकांवर टाकून दिलेली दिव्यांग मुलं आणली, १२३ लेकरांना बाप म्हणून आपलं नाव दिलं. अठरा वर्षं पुरी झाली की बालगृहातून बाहेर, हा नियम त्यांनी मानला नाही. अशी मुलं जातील कुठे, हा त्यांचा साधा सवाल होता. बेवारस दिव्यांगांना अठरानंतरही आधार मिळावा म्हणून कायदा करा, ही मागणी ते वर्षानुवर्षं करत राहिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डोंबिवलीजवळ खोणी गावात पालकांनीच एकत्र येऊन उभं केलेलं 'घरकुल' हे दुसरं उदाहरण. राष्ट्रीय न्यासाची 'घरौंदा' ही आजन्म निवासाची योजनाही आहे. कारंजा, मंगरुळपीर, रिसोडच्या दहा-बारा कुटुंबांनी मिळून असं एक घर उभारणं अशक्य नाही. ज्यांच्या मुलांना त्यात राहायचं आहे त्यांनीच ते उभारलं तर ते टिकतं.

आता वहीबद्दल. कायद्यात तिचं नाव नाही, तिला मुद्रांक लागत नाही, पण नव्या पालकाच्या हाती पहिल्या रात्री हीच लागणार आहे. एका आईनं लिहिलेली वही मी वाचली आहे. त्यात असं होतं : भाकर दुधात कुस्करून, पण दूध गरम नको. पोळ्याला तोरणाखाली नेऊ नका, ढोल वाजले की तो कान धरून पळतो. बैल घरी आले की त्याला पुरणपोळी खाऊ घालू द्या, त्याची तेवढीच हौस. फिटची गोळी सकाळी सात आणि रात्री आठ, चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका. दात दुखला तर सांगत नाही, उजवा गाल भिंतीला घासतो. अनोळखी माणसानं शर्ट काढायला सांगितला तर ओरडायचं, हे त्याला शिकवलं आहे. तो ओरडला तर त्याला रागावू नका. बापाची टोपी खुंटीवरून काढू नका.

अशी वही कोणताही वकील लिहून देऊ शकत नाही, कोणतीही समिती तयार करून देऊ शकत नाही. पुस्तिकेच्या शेवटी तिच्यासाठी कोरी पानं ठेवली आहेत : औषधं, खाणंपिणं, भीती, आवडीची माणसं, नकोशी माणसं, डॉक्टर, दाखले कोणत्या पेटीत आहेत. दरवर्षी दिव्यांगत्वाचं कार्ड, आधार, सातबारा यांच्या ताज्या नकला मागच्या पाकिटात घालाव्यात आणि औषधांचं पान नव्यानं लिहावं. एक प्रत पालक म्हणून ज्याचं नाव सुचवलं त्याच्याकडे, दुसरी विश्वस्ताकडे.

पुढची प्रकरणं कुठूनही वाचायला हरकत नाही. मुलाचं वय सतरा असेल तर पालकत्वाचं प्रकरण आधी घ्या. अर्जाची तयारी अठराव्या वाढदिवसाआधीच झालेली बरी. आई-वडिलांची साठी उलटली असेल तर मृत्युपत्राचं. अर्जाचे नमुने दिले आहेत, पण भरण्याआधी कार्यालयातून चालू नमुना मागून घ्या, कारण ते बदलतात. आणि पहिल्या पानावरची पहिली ओळ, "मला कोणाजवळ राहायला आवडेल", ही तुमच्या मुलानं किंवा मुलीनं भरायची आहे. लिहिता येत नसेल तर विचारून लिहा. बोलता येत नसेल तर ते कोणाकडे पाहून हसतं, कोणाच्या मांडीवर जाऊन बसतं, ते नीट पाहून लिहा.